चिरलेली पालेभाजी व धुण्याचें पाणी

पालेभाजी धुतली म्हणजे ती निर्दोष झाली, ही समजूत पुरती खरी नाहीं. पन्नास जुड्या एकाच हौदांत बुचकळल्या व त्यांपैकीं एकीस शेणाचा अंश लागलेला असला, तर त्यांतील रोगजंतु पाण्यावाटे इतर जुड्यांसही लागतात. चिरलेल्या कडेस रस सुटतो. तेथें ते विशेष चिकटतात व मागाहून कितीही धुतलें तरी सर्व निघत नाहींत. सन २००६ मध्यें अमेरिकेंत धुवून पिशव्यांत भरलेला पालक खाऊन ई. कोलाय जंतूंमुळें सुमारें २०० माणसें आजारी पडलीं व कांहीं दगावलीं.

हौदांत क्लोरीन घालावयाचें तें मुख्यतः पाणी शुद्ध राहावें म्हणून. परंतु माती व पाल्याचा रस तें खाऊन टाकतात. मागणीचा आंकडा लिहिला म्हणजे वसूल जमा होत नाहीं. तद्वत् सकाळीं मापून घातलेलें क्लोरीन दुपारीं शिल्लक असेलच असें नाहीं. तें वरचेवर तपासावें व पाणी गढूळ होतांच बदलावें. ओढ्याच्या पाण्यानें जुड्यांस तजेला आणण्याची चाल तर अजीबात सोडावी. आधीं माती झाडून अखंड पानें पिण्याजोग्या वाहत्या पाण्यानें धुवावीं, मगच चिरावीं, आणि निथळवून लागलीच थंड जागीं ठेवावीं. उष्म्यांत चिरलेल्या पाल्यावर जंतु झपाट्यानें वाढतात.