संगणकांची सामाईक नोंदवही

कार्यालयात वीस संगणक असले, तर प्रत्येकावर कर्मचाऱ्यांची नावे स्वतंत्रपणे नोंदविणे जिकिरीचे होते. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आकारास आलेल्या ‘एलडॅप’ पद्धतीत ही नोंदवही मध्यवर्ती संगणकावर राहते. डेबियन लिनक्सवर ‘लिबएनएसएस-एलडॅपडी’ हे पॅकेज बसविताना पडद्यावर प्रश्न येतात : सर्व्हरचा पत्ता कोणता, शोध कोठून सुरू करावयाचा, कोणत्या नोंदी तेथून घ्यावयाच्या. उत्तरे घाईने देऊ नयेत. ‘एनएसस्विच’ फाइलमध्ये स्थानिक नोंदी आधी व एलडॅप नंतर, हाच क्रम ठेवावा. मग मध्यवर्ती संगणक बंद पडला तरी व्यवस्थापकाचे स्थानिक खाते ओळखले जाते. हा क्रम उलटा ठेवणे म्हणजे विनाकारण जोखीम पत्करणे होय. संकेतशब्द जाळ्यावरून उघडा जाऊ नये म्हणून टीएलएस चालू करावे. ‘गेटएंट’ आज्ञेने नावे दिसल्याशिवाय व्यवस्थापकाने आपले चालू सत्र बंद करू नये.