शनिवारी बंद राहणारा घाणा

पालकहो,

“सगळे खातात, मग आपणच का नाही?” हा प्रश्न आपल्या भूम तालुक्यातल्या किती घरांत विचारला जात असेल! वर्गात वाढदिवसाचा केक येतो आणि जैन घरातलं लेकरू ‘यात अंडं आहे का?’ असं हळूच विचारतं. रमजानात चौथीतली एखादी मुलगी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीकडं पाठ करून बसते. 22 प्रतिज्ञा पाळणाऱ्या बौद्ध घरातल्या मुलाला गणपतीच्या आरतीला कुठं उभं राहावं ते कळत नाही. माळकऱ्याच्या नातवाला गॅदरिंगच्या जेवणात ताट बाजूला सारावं लागतं. अशी लेकरं संध्याकाळी घरी येऊन प्रश्न विचारतात, आणि आपण बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर देतो. एक, “आपल्यात नसतं, गप्प बस.” दुसरं, “ती माणसंच तसली, त्यांचं ऐकू नको.” पहिल्या उत्तरानं लेकराला घरच्या रीतीची लाज वाटायला लागते, दुसऱ्यानं शेजाऱ्याचा तिटकारा. वर्गात वर्षानुवर्षं लेकरांचे चेहरे पाहत आल्यामुळं मला या दोन्ही उत्तरांची धास्ती वाटते.

म्हणून आज तुम्हाला कोकणातल्या मराठी ज्यूंची, बेने इस्राएल समाजाची हकिगत सांगायची आहे. संख्येनं इतक्या थोड्या माणसांनी इतका काळ आपली रीत कशी सांभाळली, हे आपल्या घरांना उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

त्यांची परंपरा सांगते ती अशी. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी यहुदी भूमीवर ग्रीक राजा अंतियोकस याचा अंमल होता. त्यानं शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळायला आणि मुलांची सुंता करायला बंदी घातली, त्यांचं मंदिर भ्रष्ट केलं. त्या छळातून काही कुटुंबं गलबतानं निघाली आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेले मृतदेह त्यांनी नवगावलाच पुरले. ती जागा आजही दाखवतात. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या येण्याचा काळ इसवी सनापूर्वी 175च्या सुमाराचा धरला. अभ्यासकांमध्ये त्यावर मतभेद आहेत. पण छळातून सुटून आलेल्यांची आपण लेकरं आहोत, ही जाणीव त्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, यात वाद नाही.

धर्मग्रंथ समुद्रात गेले होते. पुरोहित नव्हता, प्रार्थनास्थळ नव्हतं, हिब्रू भाषाही हळूहळू विसरली. तरी काही गोष्टी उरल्या. एकाच देवाची साक्ष देणारी ‘शेमा’ची प्रार्थना उरली, जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच म्हणायची. आठव्या दिवशी मुलाची सुंता उरली. खवले आणि पर असलेलीच मासळी खायची, हा स्वयंपाकघरातला नियम उरला. आणि शनिवार उरला.

या शनिवारापाशी जरा थांबूया. ही माणसं गावोगाव तेलाचा घाणा चालवीत. शुक्रवारी सूर्य मावळला की बैल सोडायचा, तो शनिवारची रात्र पडेपर्यंत जुंपायचा नाही. म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. एक दिवस धंदा बंद ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला समजावून सांगायला नको. आपल्याकडची खव्याची भट्टी दर आठवड्याला एक दिवस विझवायची ठरवली, तर दुधाचं काय करायचं हाच पहिला प्रश्न येईल. त्यांनाही गिऱ्हाईक होतं, पोटं होती, पावसाळे कोरडे जात होते. तरी घाणा थांबायचा. वडील काम नसताना घरी आहेत, हे लेकरू दर शनिवारी डोळ्यांनी पाहायचं. वेगळं प्रवचन द्यायची गरजच उरत नव्हती.

कोचीहून आलेला दाविद राहाबी नावाचा ज्यू गृहस्थ या लोकांना भेटला तेव्हाची एक आठवण समाजात सांगतात. हे खरोखर आपले धर्मबंधू आहेत का, याची पारख करण्यासाठी त्यानं बायकांना वेगवेगळी मासळी रांधायला दिली. बायकांनी बिनखवल्याची मासळी बाजूला काढून ठेवली आणि राहाबीची खात्री पटली. पुढं त्यानं तीन घरांतल्या तरुणांना शिकवून तयार केलं, ते ‘काजी’, म्हणजे धर्मविधी चालवणारे, झाले. ओळख पटली ती बायकांच्या हातामुळं. आयांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते आहे. पोथ्या हरवल्या तेव्हा धर्म चुलीपाशी सांभाळला गेला, आणि तो सांभाळणाऱ्या बायकांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत.

वेगळं राहायचं म्हणजे गावापासून तुटायचं, असं मात्र त्यांनी मानलं नाही. भाषा मराठी घेतली. बायका लुगडं नेसत, मंगळसूत्र घालत. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. आडनावं गावावरून आली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर. सण मराठी नावांनी ओळखले जाऊ लागले. वर्षातला सर्वांत पवित्र उपासाचा दिवस म्हणजे ‘दारफळणीचा सण’. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात राहायचं, कुणाशी संबंध ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं, ओळखीच्यांना भेटायला जायचं. एक दिवस दार बंद आणि लगेच दुसऱ्या दिवशी उघडं, ही जोडी मला फार मोलाची वाटते. आपल्या घरांमध्ये दार बंद ठेवण्याचे नियम पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवसाचं काय?

लेकराच्या प्रश्नाला तर या धर्मानं आख्खी एक रात्र दिली आहे. मिसर देशातल्या गुलामीतून सुटका झाल्याची आठवण म्हणून ‘पेसाह’ पाळतात. त्या रात्री जेवणाच्या पाटावर घरातलं सर्वांत लहान मूल विचारतं, की ही रात्र इतर रात्रींपेक्षा निराळी का? आणि मोठ्यांनी ‘गप्प बस’ म्हणायचं नसतं. आपण गुलाम होतो, आपल्याला राबवलं, आपण सुटलो, ही कहाणी पहिल्यापासून सांगायची असते. कोकणातल्या घरांनी या रात्रीचा हा विधी मधल्या काळात गमावला होता, तो पुन्हा शिकून घेतला. 1874 साली पुण्यात त्यासाठी हिब्रू-मराठी पुस्तक छापलं गेलं, ‘हग्गादा’. त्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. पुढच्या काही वर्षांत तर या समाजानं मराठी कीर्तनंच सुरू केली. आख्यान अब्राहामाचं नाहीतर योसेफाचं, रंग आपल्या हरिदासांचा. लेकरांना कळेल त्या भाषेत आणि आवडेल त्या रूपात धर्म सांगायचा, हे त्यांना उमगलं होतं.

त्याच धर्मशास्त्रात एक आज्ञा पुन्हा पुन्हा येते. परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. पवित्र राहण्याची अट अशी आहे. आपण सोसलं, हे लेकरांना सांगायचं ते त्यांनी दुसऱ्याला सोसायला लावू नये म्हणून. यापुढचं मी थोडं कळकळीनं सांगते, रागावू नका.

बेने इस्राएल समाजालाही ही अट सतत पाळता आली नाही. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. मिश्र लग्नांतून जन्मलेल्यांना ‘काळे’ म्हणायचं, त्यांच्याशी रोटीबेटी करायची नाही. आणि मग स्वतःवरच वेळ आली. 1948 नंतर हजारो कुटुंबं नव्यानं स्थापन झालेल्या इस्रायलला गेली. तिथं 1962 मध्ये मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं, की यांच्यापैकी कुणाचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं असेल तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. ज्यांनी परक्या मुलखात कोणत्याही ग्रंथाविना शनिवार राखला होता, त्यांना आपल्याच माणसांनी विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेत बेने इस्राएल सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत असं ठरलं आणि धर्मपीठाला फर्मान बदलावं लागलं.

आपण स्वतःसाठी आखलेली रेघ लेकराला बळ देते. दुसऱ्यानं त्याच्याभोवती आखलेली रेघ त्याचा जीवही घेऊ शकते. 1941 मध्ये नाझी राजवटीनं जर्मनीतल्या ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा शिवायला लावला. पुढं साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत लाखो लेकरं होती. इतकं दूर जायलाही नको. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये अतिरेकी घुसले ते तिथं ज्यू राहतात म्हणून. मोशे नावाच्या चिमुरड्याचे आईवडील मारले गेले. त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल पळून जाऊ शकत होती. तिनं आधी त्याला उचललं आणि मग बाहेर पडली. ते लेकरू तिच्या धर्माचं नव्हतं, नात्याचंही नव्हतं.

आणि ससून रुग्णालय? आपल्यापैकी किती जणांची माणसं तिथून बरी होऊन आली असतील! डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू. तिथला सुभेदार दाऊद पाशाच्या जाचामुळं त्यांना घर सोडावं लागलं आणि 1832 च्या सुमारास ते मुंबईत आले. त्यांच्या देणगीतून पुण्यात दवाखाना उभा राहिला. पुण्यातल्या लाल देवळाच्या, म्हणजे त्यांनीच बांधायला घेतलेल्या सिनेगॉगच्या आवारात त्यांची समाधी आहे. घरात ते शब्बाथ कडक पाळत, आणि दवाखान्याच्या दारात कुणाचा धर्म विचारला जात नव्हता.

आपल्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीलाही सोसण्याचा हाच धागा आहे. कुलभूषण आणि देशभूषण या भाऊ असलेल्या मुनींनी तिथं उपसर्ग, म्हणजे दुसऱ्यानं दिलेला छळ, मन शांत ठेवून सोसला आणि मोक्षाला गेले अशी जैन परंपरेची श्रद्धा आहे. डोंगरावर दर्शनाला लेकरांना नेता ना? मग ती गोष्टही सांगा. सूर्यास्ताआधी जेवण्याचा नियम सांगताना सोबत त्या दोन भावांचं धैर्यही सांगा. ज्या घरात रोजा आहे, ज्या घरात माळ आहे, ज्या घरात बाबासाहेबांनी 1956 ला दिलेल्या प्रतिज्ञा आहेत, त्या प्रत्येक घराकडं सोसण्याची आणि उभं राहण्याची गोष्ट आहे. नियम लेकराच्या हाती द्यायचा तो त्या गोष्टीसकट द्या, आणि आधी स्वतः पाळून दाखवा. शनिवारी वडिलांनीच घाणा चालवला असता, तर कोणत्या मुलानं तो थांबवला असता?

आणि तुमचं लेकरू ज्या गोष्टी सर्रास खातं-पितं, त्या न खाणाऱ्या मित्राचं नाव घेऊन ते हसलं, तर तिथल्या तिथं टोका. वाढदिवसाला केक आणताना आधी विचारा, कोण काय खात नाही. एवढ्यानं वर्गातलं एखादं लेकरू मान वर करून बसतं, हे मी पाहिलं आहे.

महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आज देशात हा समाज जेमतेम चार-पाच हजारांचा उरला आहे. शाळेच्या सहली अलिबागला समुद्र बघायला जातात, तेव्हा इस्राएल आळीतलं 1848 सालचं ‘मागेन आबोथ’ प्रार्थनागृह आणि नवगावची ती जुनी दफनभूमीही सहलीत घाला. आधी तिथल्या मंडळींची परवानगी घ्या, मुलांना डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल द्या, आणि शनिवार सोडून दुसरा वार ठरवा.