मरणाऱ्या राणीला पद का नाही?

प्रश्न : डिडो राणीवरचा एक जुना इटालियन ऑपेरा ऐकला. राणी पहिल्यापासून गाते, रुसते, चिडते; पण जळत्या राजवाड्यात शिरताना तिला धड एक गाणंही नाही! ऐन मोक्यालाच गाणं का काढून घेतलं?
— एक वाचक, आशागड (ता. डहाणू)

उत्तर : तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. ही संहिता मेतास्तासिओ या कवीची असणार. दोमेनिको सारोच्या संगीतात ती १७२४ साली नेपल्समध्ये प्रथम रंगभूमीवर आली. पुढे पन्नासाहून अधिक संगीतकारांनी तिला आपापल्या चाली दिल्या. गोष्ट कार्थेजच्या राणीची. ट्रॉयहून आलेला एनियस देवाज्ञेचं कारण सांगून तिला सोडून जातो आणि तिने झिडकारलेला राजा यार्बस शहराला आग लावतो.

त्या काळच्या गंभीर ऑपेरात दोन तऱ्हेचं गाणं असे. कथा पुढे सरकते ती बोलण्याला जवळच्या गायनातून. तुमच्याकडे लग्नात धवलेरी जशी सुरातच कथा सांगत जाते, तसं. पद येतं तेव्हा कथा थांबते. पदाचा पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा दुसरा, आणि पुन्हा पहिला. या परतीच्या फेरीत ताना-मुरक्यांनी तेच शब्द सजवणं हे गायकाचं खरं काम. आपल्या नाट्यसंगीताच्या रसिकाला हे समजावून सांगायला नको. पद संपलं की पात्र बहुधा आत जाई आणि मागे टाळ्यांचा कडकडाट.

आता आग लागलेल्या राजवाड्यात हे कसं चालणार? पहिल्या भागाकडे परत यायला राणीकडे वेळ कुठे आहे? टाळ्या घेऊन आत जायचं, तर आत ज्वाळाच. म्हणून मेतास्तासिओने तिला तुटक, बोलल्यासारखी वाक्यं दिली. मला हे फार धीट वाटतं, कारण हे नाटक नामवंत गायिका मारियाना बुल्गारेल्लीसाठी लिहिलं होतं. अशा गायिकेला शेवटचं पद नाकारणं सोपं नव्हे. शिवाय या प्रकारात शेवट गोड व्हायचा, हा रिवाजच. दुष्यंताने ओळख नाकारलेल्या शकुंतलेलाही शेवटी पती आणि मुलगा दोघे लाभतात. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं ते हीच कथा घेऊन. डिडोला मात्र कोणी न्यायला येत नाही.

जाता जाता एक गंमत. पोपच्या रोममध्ये बायकांना रंगभूमीवर बंदी होती, म्हणून १७२६ साली विंचीने तिथे हेच नाटक केलं तेव्हा राणीही पुरुषानेच गायली. बालगंधर्वांची शकुंतला पाहिलेल्यांना याचं नवल वाटलं नसतं. फरक भयंकर होता तो असा, की तिकडे उंच आवाज टिकावा म्हणून मुलांना लहानपणीच खच्ची करत.

मरताना गाणारी डिडोही आहे, पण ती इंग्रजीतली. हेन्री पर्सेलने सतराव्या शतकाच्या अखेरीस तिला विलापगीत दिलं. त्यात खर्जातली एकच उतरती सुरावट पुन्हा पुन्हा येत राहते आणि वर राणीचा आवाज. ते पद जास्त सुंदर आहे, यात वाद नाही. पण इटालियन राणीचा शेवटचा प्रवेश एकदा पुन्हा ऐका : तिची वाक्यं तुटतात, तिथे वाद्यं काय करतात याकडे कान द्या.