जुने पिस्तूल की शिल्लक?

गावात चोऱ्या वाढल्या की माणूस म्हणतो, "घरात हत्यार पाहिजे." अशा वेळी कोणी तरी जुने पिस्तूल स्वस्तात देऊ करतो. पेटीत चार पैसे साठलेले असतात. मग पिस्तूल घ्यावे, की पैसे साठवीत राहावे?

आधी कायदा पाहू. सन १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवाना नसताना पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. सन २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास २ ते ५ वर्षे कैद व दंड होतो. परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज करावा लागतो. पोलीस चौकशी करतात. परवाना मिळेलच असे नाही.

जुने हत्यार विकणाराही परवानेवाला हवा. विकण्याआधी ४५ दिवस त्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्यास लेखी कळवावे लागते. म्हणून "कागद कशाला? आजच न्या," असे म्हणणाऱ्याच्या दारी जाऊ नये.

परवाना मिळाला तरी खर्च थांबत नाही. काडतुसे विकत घ्यावी लागतात. परवानाही मुदतीत नवा करावा लागतो. झिजलेले पिस्तूल हातातच फुटू शकते. घरात पोरेबाळे असली तर जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

आता हिशेब करा. ज्या पैशाच्या राखणीसाठी पिस्तूल घ्यायचे, तोच पैसा पिस्तुलात जातो! मग राखायचे काय?

आम्ही म्हणतो, पेटीतला पैसा पोस्टात ठेवा. ५०० रुपयांत खाते उघडते. दाराला चांगली कडी बसवा. रात्री आळीपाळीने गस्त घाला. संकट आले तर ११२ नंबर फिरवा.

विचार करा : तुमचा पैसा आज कोठे आहे?