महामार्गांचे पृष्ठभाग-सर्वेक्षण आणि कंत्राट पद्धती

वाराणसीहून नागपूरमार्गे कन्याकुमारीस जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्र. 7 सारख्या दीर्घ मार्गाची स्थिती केवळ पाहणीने ठरविता येत नाही. म्हणूनच भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2025 मध्ये 23 राज्यांतील 20,933 कि.मी. मार्गांच्या सर्वेक्षणासाठी निविदा मागविल्या. त्रिमितीय लेसर यंत्रणेची वाहने भेगा, खड्डे आदी दोष स्वयंचलितपणे नोंदवितात. ही माहिती दर सहा महिन्यांनी संकलित करावयाची आहे. पृष्ठभागाचा खडबडीतपणा मीटर प्रतिकिलोमीटर या एककात मोजतात. देखभाल करणाऱ्या कंत्राटदारानेच मोजमापही केल्यास हितसंबंधांचा संघर्ष उद्भवतो. त्यामुळे सर्वेक्षक स्वतंत्र असणे आवश्यक ठरते. मोजणी कंत्राटाने देता येते. पडताळणीचे उत्तरदायित्व मात्र शासनयंत्रणेचेच राहते.