एक तक्ता, बारा पाने : राशिपत्रकांच्या निमित्ताने नोंदींचा एक पाठ

एकच माहिती अनेक कागदांवर लिहावी लागणे ही शाळा, ग्रामपंचायत आणि चावडी या तिन्ही ठिकाणची नित्याची बाब आहे. माहिती बदलली, की ती जेथे जेथे लिहिली असेल तेथे तेथे बदलावी लागते. एखादे ठिकाण राहून गेले म्हणजे एकाच कार्यालयाचे दोन कागद परस्परांशी भांडू लागतात आणि त्या भांडणाचा भुर्दंड मात्र तिसऱ्यालाच, म्हणजे नागरिकाला, पडतो. संगणकावरील तक्ता, ज्यास सर्वत्र स्प्रेडशीट म्हणतात, या अडचणीवर उपाय करू शकतो. परंतु तो केवळ बेरजांसाठी नव्हे, तर मूळ नोंदवही म्हणून वापरला तरच. तो तसा कसा वापरावा, हे एका लहान उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

उदाहरण बारा राशींचे आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आहेत, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारातील तीन शाखांवर आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तेथे भरणाऱ्या प्रदर्शनास जुन्नर व आंबेगावातील विद्यार्थी जातात आणि आकाशाविषयी प्रश्न घेऊन वर्गात परततात. अशा वेळी एखाद्या शाळेने प्रत्येक राशीचे एक याप्रमाणे बारा माहितीपत्रके करावयाचे ठरविले, तर ते काम कसे करावे? राशिभविष्याचा येथे संबंध नाही. त्यासाठी तक्त्यात रकाना ठेवलेला नाही आणि ठेवण्याचे कारणही नाही.

नेहमीची पद्धत अशी, की बारा विद्यार्थ्यांना बारा राशी वाटून द्यावयाच्या. प्रत्येक जण मिळेल त्या पुस्तकातून माहिती उतरवितो. बारा पाने भिंतीवर लागतात. पण ती शेजारी ठेवून वाचली, की विसंगती दिसू लागतात. एका पानावर ‘तूळ’ तर दुसऱ्यावर ‘तुला’. मेषेच्या पानावर सूर्याचा प्रवेश २१ मार्चला, तर मीनेच्या पानावर सूर्य १३ एप्रिलपर्यंत मीनेतच. याचा अर्थ सूर्य तीन आठवडे एकाच वेळी दोन राशींत राहिला! दोन्ही विद्यार्थ्यांनी आपापल्या पुस्तकातून बरोबरच उतरविलेले असते. एका पुस्तकात वसंतसंपातापासून मोजणारी सायन पद्धत होती, तर दुसऱ्यात ताऱ्यांपासून मोजणारी निरयन पद्धत. या दोन आरंभबिंदूंतील अंतरास अयनांश म्हणतात. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ या दिवसासाठी ते २३ अंश १५ कला धरले. आज ते २४ अंशांच्या थोडे पुढे गेले आहे.

महाराष्ट्रात तर याहून जवळचे उदाहरण आहे. निरयन पद्धत मानणाऱ्या पंचांगांतही आरंभबिंदू कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. त्यामुळे टिळक पंचांगातील संक्रमणे इतर प्रचलित पंचांगांपेक्षा सुमारे चार दिवस अगोदर येतात. मकरसंक्रांत बहुतेक घरांत १४ किंवा १५ जानेवारीस होते. टिळक पंचांगाप्रमाणे ती १० तारखेच्या सुमारास येते. कोणते पंचांग घ्यावे, हा शाळेने ठरवावयाचा प्रश्न आहे. तथापि एकदा घेतले, की बाराही पानांसाठी तेच असले पाहिजे आणि त्याचे नाव व वर्ष तक्त्याच्या माथ्यावर लिहिले पाहिजे. तक्ता करण्यापूर्वी असा निर्णय घ्यावाच लागतो. हाताने लिहिलेल्या बारा पानांत तो कोणीच घेत नाही. तो नकळत बारा वेळा घेतला जातो.

आता तक्त्याची रचना. प्रथमदर्शनी बारा ओळी पुरेशा वाटतात. परंतु राशींबरोबर नक्षत्रेही द्यावयाची झाल्यास बारा ओळींचा तक्ता फसतो. क्रांतिवृत्ताचे ३६० अंश बारा राशींत वाटले म्हणजे प्रत्येकीस ३० अंश येतात. सत्तावीस नक्षत्रांत वाटले म्हणजे प्रत्येकास १३ अंश २० कला. नक्षत्राचे चार चरण केले, की एकूण चरण १०८ होतात आणि प्रत्येक राशीच्या वाट्याला नऊ येतात. नवास चाराने पूर्ण भाग जात नाही. म्हणून काही नक्षत्रे दोन राशींत विभागली जातात. मेषेत अश्विनी व भरणी पूर्ण आणि कृत्तिकेचा पहिला चरण. वृषभेत कृत्तिकेचे उरलेले तीन, रोहिणी पूर्ण आणि मृगाचे पहिले दोन. मिथुनेत मृगाचे पुढील दोन, आर्द्रा पूर्ण आणि पुनर्वसूचे तीन. हाच क्रम दर चार राशींनी पुन्हा येतो.

अशी विभागली जाणारी नक्षत्रे नऊ आहेत. म्हणून दुसरा तक्ता २७ अधिक ९, म्हणजे ३६ ओळींचा करावा. प्रत्येक राशीस बरोबर तीन ओळी येतात. रकाने पाच : राशिक्रमांक, नक्षत्रक्रमांक, नक्षत्राचे नाव, चरण पासून, चरण पर्यंत. शेवटचे दोन वेगळे ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. एकाच घरात इंग्रजी आकड्यांत ‘एक ते चार’ आडवी रेघ देऊन लिहिले, की संगणक त्याची तारीख करून टाकतो आणि अश्विनीचे चार चरण एका क्षणात १ एप्रिल किंवा ४ जानेवारी होऊन बसतात. हा अनुभव हजेरीपत्रके व घरक्रमांक भरणाऱ्यांस नवा नाही. राशिक्रमांकाचा रकानाही अनावश्यक समजू नये. त्याच्याशिवाय तक्ता अक्षरक्रमाने लावला, तर आरंभी मेष न येता कन्या येते.

सूर्याच्या नक्षत्रप्रवेशाच्या तारखा या तिसऱ्या, सत्तावीस ओळींच्या तक्त्यात राहतील. या तारखा शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातल्या आहेत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताच्या रोपांची चर्चा मृगापासून सुरू होते. सूर्य मृगात ७ किंवा ८ जूनला येतो, १५ जूनच्या सुमारास मिथुन राशीत जातो आणि तरीही पुढे आठवडाभर मृगातच असतो. आर्द्रा लागतात त्या २१-२२ जूनला. म्हणजे मृगाची तारीख वृषभेच्या पानावरही हवी आणि मिथुनेच्याही. हाताने लिहिताना ती दोनदा लिहावी लागते व दोनदा चुकू शकते. तक्त्यात ती एकदाच असते. दोन्ही पाने तेथूनच ती उचलतात.

पानाचा साचा स्वतंत्र फाईलीत तयार करावा. ‘सूर्य अमुक दिवशी या राशीत प्रवेश करतो’ या वाक्यातील ‘अमुक’च्या जागी रकान्याचे नाव घालावयाचे, एवढेच त्याचे तंत्र. पत्रे छापण्यासाठी कार्यालयांत वापरली जाणारी मेल मर्जची सोय येथे तशीच चालते. ती लिब्रेऑफिससारख्या विनामूल्य प्रणालीतही आहे. मेल मर्ज एका पानासाठी एकच ओळ मागते आणि येथे एका राशीच्या ओळी तीन आहेत. यासाठी बारा ओळींचा एक चौथा तक्ता असावा, ज्यात शोधसूत्राने इतर तक्त्यांतील मजकूर आपोआप एकत्र येईल. या चौथ्या तक्त्यात कोणीही बोटाने काही टंकलिखित करू नये. घाईच्या वेळी हा नियम प्रथम मोडतो आणि तेथूनच पुन्हा बारा वेगळी पाने जन्माला येतात.

छापण्यापूर्वीची तपासणी सोपी आहे. प्रत्येक राशीच्या चरणांची बेरीज नऊ आली पाहिजे, सर्वांची १०८. एका राशीचा शेवट आणि पुढच्या राशीचा आरंभ यांत एकही दिवस मोकळा राहता कामा नये किंवा दुबार येता कामा नये. राशी आणि तारकासमूह यांचे रकाने मात्र वेगळेच हवेत. राशी हे समान विभाग आहेत. आकाशात दिसणारे तारकासमूह लहानमोठे असतात आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आखलेल्या सीमांप्रमाणे सूर्याचा मार्ग बारा नव्हे, तेरा समूहांतून जातो. तेरावा भुजंगधारी. विद्यार्थी हा प्रश्न विचारणारच.

मोठ्या कामांतही रीत हीच असते. खोडदच्या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर केलेल्या आकाश-सर्वेक्षणातून २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. त्या स्रोतांची वर्णने कोणी एकेक करून लिहिलेली नाहीत. एकाच सूचीत प्रत्येकास एक ओळ आहे आणि जगभरचे अभ्यासक तीच ओळ वापरतात.

आता राशींच्या जागी गावे ठेवून पाहू. जुन्नर तालुक्यात पिंपळगाव जोगे आहे, आंबेगाव तालुक्यात पिंपळगाव तर्फे महाळुंगे आहे. बोलताना दोन्ही ‘पिंपळगाव’च. नाव हीच ओळख मानून तक्ता केला, तर एका गावचा लाभार्थी दुसऱ्या गावच्या यादीत जाण्यास वेळ लागत नाही. आंबेगाव या नावाची गंमत आणखी वेगळी आहे : ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव आहे. नाव कागदावर राहते, जागा बदलते. म्हणूनच शासनाने प्रत्येक गावास व ग्रामपंचायतीस संकेतांक दिलेले आहेत आणि तक्त्याचा पहिला रकाना त्यांचा असला पाहिजे. राशिक्रमांकाचे जे काम, तेच येथे संकेतांकाचे.

जमिनीच्या नोंदींत तर हे अधिकच गंभीर होते. गटाचे क्षेत्र व खातेदाराचे नाव गाव नमुना सातमध्ये येते आणि आठ-अ मध्येही. फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये. हस्तलिखित दप्तराच्या काळात हे नमुने स्वतंत्रपणे लिहिले जात व त्यांत तफावत पडे. एखाद्या खातेदाराचे आडनाव एका उताऱ्यावर ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ, आणि आधार कार्डावर तिसरेच असले, म्हणजे पीककर्ज किंवा अनुदान अडून राहते. अशा वेळी तो खातेदार एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे फिरत राहतो; त्याच्या हातात कागद असतात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. हिरड्याच्या आणि भाताच्या उत्पन्नावर घर चालविणाऱ्या पश्चिम भागातील आदिवासी कुटुंबास तालुक्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. संगणकीकरणात हस्तलिखित व संगणकीकृत उतारे जुळविण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेण्यात आले, ते याच कारणाने. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. तो ज्या नोंदीतून निघतो ती चुकीची असेल, तर स्वाक्षरीसह चुकीचाच निघतो.

एक तक्ता ठेवण्याचा धोकाही येथेच आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. बारा पाने हाताने लिहिली तर एका पानावरील चूक त्या पानापुरती राहते. तक्त्यातील चूक बाराही पानांवर पसरते. म्हणून तक्ता भरणारा आणि तपासणारा या दोन व्यक्ती असाव्यात. दुरुस्तीची तारीख, कारण आणि करणाऱ्याचे नाव यांसाठी शेवटी तीन रकाने असावेत. जुनी प्रत तारखेसह वेगळी जपावी. मजकूर युनिकोडमध्येच असावा, कारण जुन्या टंकांत भरलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अर्थहीन खुणांत बदलतो. दुरुस्ती करावयाची ती मूळ तक्त्यात. छापलेल्या पानावर पेनाने केलेली दुरुस्ती पुढच्या छपाईत नाहीशी होते. सातबाऱ्यावरील लेखनप्रमादासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये अर्ज करता येतो. अर्जासोबत जुना हस्तलिखित उतारा आणि संबंधित फेरफाराची प्रत जोडल्यास नेमकी चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे तहसील कार्यालयास पाहता येते. दुरुस्तीनंतर खातेदाराने सातबाऱ्याबरोबर आठ-अ चा उताराही काढून दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.