घरचा खेळ-सर्व्हर : दोष कोठे शोधावा?
वरंधच्या एखाद्या घरी माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू केला. घरातल्या घरात खेळता येते, मात्र पुण्याचा मित्र जोडला जात नाही. अशा वेळी प्रथम राउटरने २५५६५ हा पोर्ट त्या संगणकाकडे वळविला आहे काय, हे पाहावे. नंतर राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता तपासावा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असल्यास सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, असे समजावे. हा पत्तासमूह २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवण्यात आला. पाकिटावर गाव आहे, वाडी नाही, अशी ही गत! नवा राउटर घेणे येथे निव्वळ अपव्यय होय. सेवादात्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा. ग्रामपंचायतीचे कॅमेरे बाहेरून थेट पाहावयाचे झाल्यासही हीच अडचण येते.